'नो डिस्प्ले' : अभ्यासिकेच्या आठ लॅपटॉपच्या नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कार्यालयाने त्यांचे जुने आठ लॅपटॉप आमच्या कळव्याच्या अभ्यासिकेला दिले. आज टेंपोवाल्याने ते खारेगावात माझ्या घरी आणून उतरवले, कारण सोल्डरिंगचं सामान, मल्टिमीटर सगळं इथेच आहे. सगळे १४ इंची, सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे. हार्ड डिस्क कार्यालयाने आधीच काढून घेतल्यात. ते योग्यच केलं. आपण २५६ जीबीच्या एसएसडी घालणार. त्याचे पैसे अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंनी वर्गणीतून बाजूला ठेवलेत.

हे लॅपटॉप मुख्यतः टायपिंगच्या सरावासाठी हवेत. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट असा वेग लागतो. अभ्यासिकेतल्या बऱ्याच मुलांकडे फक्त मोबाइल आहे आणि मोबाइलवर हा वेग तयार होत नाही. बाहेर क्लासला गेलं की तासाचे पैसे. म्हणून एकेक यंत्र मोलाचं आहे.

तीन लॅपटॉप बटण दाबताच उठले. उरलेल्या पाचांवर चिकटपट्टी लावून एकाच हस्ताक्षरात लिहिलंय, 'नो डिस्प्ले'. ताईंचा फोन आला, "दादा, हे पाच भंगारातच जाणार का?" म्हटलं, ताई, आत्ताच काही ठरवू नका.

ताप आला म्हणजे मलेरियाच झाला असं नसतं, तसंच काळ्या स्क्रीनचं आहे. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत बरंच काही घडावं लागतं. वीज आत यावी, बोर्ड जागा व्हावा, रॅम सापडावी, चित्र तयार व्हावं, ते केबलमधून पॅनेलपर्यंत पोचावं, पॅनेलमागचा दिवा लागावा आणि मग ऑपरेटिंग सिस्टीमने ताबा घ्यावा. यातलं काहीही अडलं तरी बाहेरून दिसतं ते एकच. कित्येक दुकानांत इथेच 'मदरबोर्ड गेला' असं सांगून मोकळे होतात आणि माणूस नवा लॅपटॉप घ्यायला निघतो. मला या वाक्याची चीड आहे. लॅपटॉप कुठवर पोचून काळा झाला, हा प्रश्न आधी विचारायचा. या वहीत प्रत्येक यंत्रापुढे त्याचंच उत्तर लिहिणार.

६ जुलै, रविवार, आषाढी

आज स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. न उघडता जेवढं कळतं तेवढं काढून घ्यायचं.

प्रत्येकाला आधी चार्जर काढून, बाहेरून निघणारी बॅटरी असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. बोर्डावर साठलेला उरलासुरला चार्ज जातो आणि अडकून बसलेला कंट्रोलर कधी कधी एवढ्यानेच सुटतो. जे अडले होते त्यातला एकही सुटला नाही, पण फुकटचा उपाय आहे, पहिला हाच करायचा.

मग तीन गोष्टी पाहिल्या. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर बोर्ड जिवंत आहे, सुरुवातीची तपासणी पार झाली आहे. एचडीएमआयने घरचा मॉनिटर जोडल्यावर त्यावर चित्र येतं का? येत असेल तर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स सगळं ठीक; घोटाळा केबल, पॅनेल किंवा त्यांच्या पुरवठ्यात. आणि खोलीत अंधार करून स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरल्यावर काही दिसतं का?

क्रमांक ४ वर टॉर्च धरला आणि दिसलं. पॅनेलला जवळपास टेकवून, डाव्या कोपऱ्यातून वर सरकवत नेला तेव्हा काळ्यावर काळसर राखाडी अशी इंग्रजी अक्षरं उमटली. बूट करण्यासाठी डिस्क सापडली नाही, एवढंच ते वाक्य. टॉर्च सरळ धरला की ती जात, तिरका केला की पुन्हा येत. म्हणजे चित्र पॅनेलपर्यंत व्यवस्थित येतंय, फक्त मागचा दिवा लागत नाही. बाजूला बसून माझा पुतण्या बघत होता. त्याला ती अक्षरं वाचून दाखवायला सांगितली, त्याने वाचली. 'नो डिस्प्ले' लिहिलेल्या लॅपटॉपवर डिस्प्ले होता.

बाकीच्यांचं असं: क्रमांक २, पंखा फिरतो, कॅप्स लॉक मेलेला, मॉनिटरवर काही नाही. क्रमांक ५, पंखा काही सेकंद फिरून थांबतो, परत फिरतो. क्रमांक ६ चक्क चालू झाला, कंपनीचा लोगो आला, डिस्क नाही म्हणाला. क्रमांक ७ सुद्धा चांगला चालला. मग या दोघांवर चिकटपट्टी का? कार्यालयात नक्की काहीतरी झालं असणार. त्यांच्यावरची पट्टी काढली नाही.

१२ जुलै, शनिवार

क्रमांक २ उघडला. सगळ्यात आधी बोर्डावरून बॅटरीचा कनेक्टर काढला. तो काढल्याशिवाय आत कशालाही हात लावायचा नाही.

रॅमच्या दोन पट्ट्या, डीडीआर४. सोनेरी पट्टीवर निस्तेज करडा थर होता. कार्यालयाच्या पोटमाळ्यावर पडून होते म्हणे हे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद खोलीतल्या वस्तूला जो ओलावा लागतो त्याने संपर्क बिघडायला एवढं पुरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडाला लावून दोन्ही पट्ट्या पुसल्या. कापड काळं झालं. स्लॉट मऊ ब्रशने झाडले, वाळू दिले, एकच पट्टी एका स्लॉटमध्ये बसवली.

चालू केल्यावर परत काळीच. इथे थांबायचं असतं. रॅम काढून घातली किंवा बदलली की बोर्ड पहिल्यांदा तिच्याशी जुळवून घेतो आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काही येत नाही. घाईने बटण दाबून बंद केलं तर सगळं पहिल्यापासून. हात मागे घेऊन बसलो. लोगो आला. दुसरी पट्टी घातली, तीही धरली. मेमरीची चाचणी रात्रभर लावून ठेवतोय.

१३ जुलै, रविवार

क्रमांक २ ची मेमरी चाचणी निर्दोष. विषय संपला. याच्या मालकाला 'मदरबोर्ड गेला' म्हणणारा भेटला असता तर हा आज भंगारात असता.

२० जुलै, रविवार

आजचा सगळा दिवस क्रमांक ४ ला. पॅनेलचा दिवा का लागत नाही?

पॅनेलची केबल ३० पिनांची आहे. त्यात १२ आणि १३ नंबरच्या पिनांवर पॅनेलच्या इलेक्ट्रॉनिक्सला ३.३ व्होल्ट जातात. दिव्याचा पुरवठा वेगळा, २६ ते २९ या चार पिनांवर, आणि त्याचा ग्राउंड, म्हणजे वीज परत जायची वाट, १८ ते २१ वर. २२ वर 'दिवा लाव' हा हुकूम, २३ वर ब्राइटनेस. म्हणजे ३.३ व्होल्ट येत असतील तर चित्र बनतं, पण २६ ते २९ कोरडे असतील तर ते अंधारातच राहतं. टॉर्चने जे दिसलं त्याच्याशी हे जुळतं.

बोर्डावर पॅनेलच्या कनेक्टरशेजारी दिव्याच्या पुरवठ्याचा एक चिमुकला फ्यूज असतो. चार्जर लावून मल्टिमीटरने त्याच्या एका टोकाला मोजलं, १९ व्होल्टच्या आसपास. दुसऱ्या टोकाला शून्य. चार्जर आणि बॅटरी काढून मल्टिमीटरचा बझर लावला (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो), आवाज नाही. फ्यूज उडालाय.

पुष्कळ जण इथे फ्यूजवर सोल्डरचा ठिपका टाकून दोन टोकं जोडतात. दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण फ्यूज उगाच उडत नाही. तो का उडाला हे न शोधता तो वगळला, तर पुढच्या वेळी बोर्डावरची तांब्याची रेघच जळते आणि तेव्हा मात्र खरोखरच मदरबोर्ड जातो. हे मी कुणाला करू देणार नाही.

म्हणून कारण शोधलं. फ्यूजच्या बाहेरच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत बझर लावला. वाजला. म्हणजे पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. केबल बोर्डापासून काढली, आवाज गेला. शॉर्ट बोर्डात नाही, हे मोठंच समाधान. मग फक्त केबल आणि पॅनेल उरलं. पॅनेलकडचं टोक सोडवलं आणि नुसत्या केबलवर बझर लावला. वाजला. पॅनेल निर्दोष, केबल दोषी.

केबल उजव्या बिजागरीच्या पोटातून जाते. झाकणाची पट्टी काढून भिंगाखाली धरली. वरची काळी टेप घासून सुटली होती. आतल्या केसासारख्या तारांपैकी दोन-तीन तारांचं आवरण एका बाजूने सोललेलं, तांबं उघडं, आणि नेमक्या त्या जागी बिजागरीच्या लोखंडावर मोहरीएवढा काजळीचा डाग. झाकण उघड-मीट करताना तार रोज थोडी थोडी घासत गेली आणि एक दिवस लोखंडाला टेकली. बिजागरीचा स्क्रूही ढिला होता, त्यामुळे ती सरकत होती. खरा आरोपी तो स्क्रू.

क्रमांक ५ ची केबल दिसायला अगदी अशीच आहे. पण ५ चा निकाल लागलेला नाही आणि जिवंत असू शकणाऱ्या यंत्राचे भाग काढायचे नाहीत, हा नियम. ४ झाकून ठेवला.

२७ जुलै, रविवार

क्रमांक ५. क्रमांक २ मधून तपासलेली रॅम घालून पाहिली, फरक नाही. चार्जरचे १९ व्होल्ट आत येतात, ३.३ आणि ५ व्होल्टचे कायमचे पुरवठेही ठीक. प्रोसेसरच्या पुरवठ्याच्या कॉइलवर मोजलं तर ग्राउंडशी रोध अगदी कमी आला. नवशिक्या हे बघून शॉर्ट म्हणतो. प्रोसेसरच्या लाइनला तो मुळातच एवढा कमी असतो. त्यावरून निकाल द्यायचा नाही.

पंखा फिरतो, थांबतो, परत फिरतो, याचा एक अर्थ बायोसची, म्हणजे चालू होताना सगळ्यात आधी धावणाऱ्या प्रोग्रामची, चिप वाचता येत नाही असाही होतो. आठ पायांची चिप, ३.३ व्होल्टवर चालणारी. हा व्होल्टेज आधी डेटाशीटमध्ये बघावाच लागतो, कारण १.८ व्होल्टवाल्या चिपा दिसायला अशाच असतात आणि त्यांना जास्त दाब दिला की संपल्या. सीएच३४१ए या चिप वाचणाऱ्या प्रोग्रामरने बोर्डावरच चिमटा लावून वाचलं तर दर वेळी वेगळंच. बोर्डावरचे बाकीचे घटक वीज ओढतात म्हणून असं होतं. चिप काढून वाचली, मग दोन वाचनं तंतोतंत जुळली. फाइल सुस्थितीत वाटते. म्हणजे बायोस हे कारण नसावं.

चिप काढताना मात्र भिंगाखाली वेगळंच दिसलं. तिच्या खालच्या पॅडवर हिरवट बुरा. तिथून तो शेजारच्या मोठ्या चिपसेटच्या कडेपर्यंत गेलेला आणि आत शिरलेला. कधीतरी यावर पाणी सांडलंय आणि न सुकवता तो चालू राहिलाय. पाण्यापेक्षा पाणी आणि वीज मिळून नुकसान करतात. चिपसेटच्या पोटाखाली शेकडो सोल्डरचे मणी असतात. तिथला गंज ब्रशने निघत नाही. तो चिपसेट उचलून नव्याने बसवणं घरच्या हॉट एअर गनचं काम नव्हे आणि बाहेर करून घ्यायचा खर्च या लॅपटॉपच्या किमतीपेक्षा जास्त.

क्रमांक ५ भाग देणार. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण कारण डोळ्यांनी बघून लिहितोय.

२ ऑगस्ट, शनिवार

५ ची केबल ४ ला बसवण्याआधी दोन्हींवरचे पार्ट नंबर बघितले. वेगळे निघाले. कनेक्टर तेच, लांबी तीच, बिजागरीतलं वळणही तेच. पॅनेलच्या मागचं लेबल वाचल्यावर उलगडा झाला. क्रमांक ४ चं पॅनेल १९२० × १०८० चं, ५ चं १३६६ × ७६८ चं. कमी रिझोल्यूशनच्या पॅनेलला चित्राची एकच जोडतार पुरते, फुल एचडीला साधारणपणे दोन लागतात. ५ च्या केबलमध्ये ३ आणि ४ नंबरच्या पिनांमागे तारच नाही, बझर लावून खात्री केली. ही केबल ४ ला लावली असती तर दिवा लागून स्क्रीन काळीच राहिली असती आणि मी पॅनेलवर संशय घेत बसलो असतो. जुनी केबल विकत घेणाऱ्या प्रत्येकाने दोन मिनिटं पार्ट नंबर जुळवावा.

दुपारी लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं असतं, बोलताना मात्र सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. एका काकांच्या गाळ्यात नंबर दाखवला. त्यांनी डबा न शोधता सरळ वरच्या फळीवरून केबल काढून दिली. फ्यूजही तिथेच घेतला, मूळच्याच अँपिअरचा. जास्त अँपिअरचा घेतला की संरक्षण उरत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आधी बिजागरीचा स्क्रू, त्याला थोडं थ्रेडलॉक, म्हणजे तो पुन्हा ढिला होणार नाही. मग नवी केबल, घासणीच्या जागी कॅप्टॉन या वीजरोधक टेपचे दोन वेढे. मग फ्यूज. मग पुन्हा बझर, आता शांत. सगळ्यात शेवटी बॅटरी. केबल बसवताना बॅटरी जोडलेली असेल आणि कनेक्टर तिरका गेला तर नवा फ्यूज तिथल्या तिथे उडतो, म्हणून हा क्रम.

क्रमांक ४ लागला. झाकण सावकाश पूर्ण उघडून मिटून बघितलं, ब्राइटनेस खाली-वर केला. कुठेही लुकलुक नाही.

९ ऑगस्ट, शनिवार, रक्षाबंधन

सातही लॅपटॉपना एसएसडी घातल्या. ऑपरेटिंग सिस्टीम कोणती यावर ताईंशी सविस्तर बोलणं झालं. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, आपली सहावी-सातवी. म्हणून लिनक्स मिंट २२.१. ती मोफत आहे, २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात जोडता येतो. ताईंची एकच अट होती, मुलांना परीक्षेत दिसतो तोच कीबोर्ड दिसला पाहिजे. दिसतो.

सहा यंत्रांवर मिंट सुरळीत बसली. क्रमांक ६ वर बसली, रीस्टार्ट झाली, लोगो आला आणि काळी. चिकटपट्टीचा खुलासा झाला! या एकट्यात इंटेलच्या जोडीला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. लोगोपर्यंत बायोस चित्र काढतो, तिथे सगळं ठीक. ऑपरेटिंग सिस्टीमचा ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो तेव्हा पडदा पडतो. कार्यालयात विंडोजवरही हेच होत असावं.

१० ऑगस्ट, रविवार

बूटच्या यादीत मिंटच्या ओळीवर 'ई' दाबलं, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहिलं, एफ१० दाबलं. डेस्कटॉप आला. या शब्दाने कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, सांगता येतं की ग्राफिक्सचा ताबा आत्ता घेऊ नकोस, साधं चित्र चालू दे. हे तात्पुरतं असतं, पुढच्या बूटला विसरलं जातं. म्हणून आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून कार्डासाठी सुचवलेला ड्रायव्हर घातला आणि नेहमीसारखं चालू करून बघितलं. ठीक.

संध्याकाळी सातही अभ्यासिकेत पोचवले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ताईंचा फोन. क्रमांक ७ मध्येच काळा होतो. क्षणभर जातो, परत येतो. माझ्याकडे इतके दिवस चालला, एकदाही नाही. ज्या पट्टीचा उलगडा राहिला होता तीच ही.

ताईंना सांगितलं की लॅपटॉप माझ्याकडे पाठवू नका, मीच येतो. माणूस, टेबल, खुर्ची, प्लगपॉइंट यासकट तो बिघाड बघायचाय.

१७ ऑगस्ट, रविवार

काल ठाण्यात दहीहंडीने रस्ते भरलेले, म्हणून आज गेलो. क्रमांक ७ वर एमपीएससीची तयारी करणारी एक मुलगी बसते. तिला म्हटलं, तू नेहमीसारखी टाइप कर, मी फक्त बघतो. ती म्हणाली, "दादा, मी जोरात लिहायला लागले की जातो. सावकाश लिहिलं तर जात नाही."

हे ऐकून केबल सैल असेल असं वाटलं. झाकण हलवलं, कडा दाबल्या, काही नाही. मी टाइप केलं, जोरात केलं, काही नाही. ती बसली, आणि ओळभर झाल्यावर स्क्रीन गेली. तिने हात उचलला, आली.

मग स्क्रीनकडे न बघता तिच्या हातांकडे बघितलं. डाव्या मनगटावर जाळीच्या पट्ट्याचं घड्याळ. तो पट्टा बकलाने नाही, लोहचुंबकाने चिकटतो. वेग वाढला की तिचं मनगट कीबोर्डच्या पुढच्या काठावर टेकत होतं. तिला घड्याळ काढून टाइप करायला सांगितलं. पानभर लिहिलं, स्क्रीन जागची हलली नाही. मग घड्याळ माझ्या हातात घेऊन काठावरून हळूहळू सरकवत नेलं. डाव्या कोपऱ्यापासून चार बोटांवर आलं की स्क्रीन काळी, पुढे नेलं की परत चालू. भोवती जमलेल्या मुलांनी आळीपाळीने करून बघितलं.

झाकणात एक छोटं लोहचुंबक असतं आणि त्याच्या समोर खालच्या भागात हॉल सेन्सर. झाकण मिटलं की सेन्सरला चुंबक जाणवतो आणि लॅपटॉप दिवा बंद करतो. घड्याळाच्या चुंबकाने त्याला झाकण मिटल्याचं भासत होतं. कार्यालयात बहुधा एकावर एक लॅपटॉप ठेवत असतील; खालच्याच्या झाकणातला चुंबक वरच्याला असाच फसवतो. उघडून, केबल बदलून, पॅनेल बदलून हा बिघाड कधीच सापडला नसता. ती मुलगी म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. तक्रार सांगणाऱ्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणं हीसुद्धा तपासणीच आहे.

घड्याळ आता बॅगेत. लॅपटॉप एकावर एक रचायचे नाहीत, चुंबकाचं कव्हर असलेला मोबाइल कीबोर्डजवळ ठेवायचा नाही, असं फळ्यावर लिहिलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रात्रीपासून मुसळधार. सीएसएमटी ते ठाणे लोकल बंद झाल्या, कामावर जाता आलं नाही. ताईंचा स्वतःचा लॅपटॉप परवाच माझ्याकडे आला होता, तो घेतला. विंडोज ११, लॉगिननंतर काळी स्क्रीन आणि फक्त माउसचा बाण. अभ्यासिकेची नोंदवही यातच आहे आणि तिची दुसरी प्रत नाही, म्हणून फॉरमॅटचा विचारच करायचा नव्हता.

बाण हलतो म्हणजे विंडोज जिवंत आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं. बीप झाला, ग्राफिक्स नव्याने सुरू झालं, स्क्रीन तशीच. कंट्रोल, शिफ्ट, एस्केपने टास्क मॅनेजर उघडला, त्यातून 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' चालवलं, डेस्कटॉप आला आणि लगेच गेला. तेवढ्यावरून ग्राफिक्स ड्रायव्हरचा संशय आला. कंट्रोल, ऑल्ट, डिलीटच्या पडद्यावरून शिफ्ट धरून रीस्टार्ट, तिथून सेफ मोड. इथे त्याने बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली.

ताईंना हे नावच माहीत नव्हतं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. ताईंनी मोबाइलवरून खातं उघडलं, लॅपटॉपच्या नावाखाली किल्ली होती. त्यांनी अंक वाचले, मी भरले. किल्ली कुठेच मिळाली नसती तर चांगल्या डिस्कवरची नोंदवही अडकून बसली असती. आधी नोंदवही पेनड्राइव्हवर घेतली. मग ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेला. डेस्कटॉप टिकला. किल्ली कागदावर लिहून ताईंच्या कपाटात ठेवायला सांगितली.

२३ ऑगस्ट, शनिवार

क्रमांक ५ सुटा केला. रॅम, कीबोर्ड, पंखा, पॅनेल, बिजागऱ्या वेगवेगळ्या पाकिटांत, पार्ट नंबर लिहून. बॅटरी फुगलेली होती, ती भंगारवाल्याकडे द्यायची नाही. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात जाईल.

अभ्यासिकेत एक जाड वही ठेवली. कुठलाही लॅपटॉप काळा झाला तर मला फोन करण्याआधी मुलांनी लिहायचं: चार्जरचा दिवा, पंखा, कॅप्स लॉक, टॉर्च, एचडीएमआय, आणि काळा होताना कोण काय करत होतं. 'नो डिस्प्ले' हे दोन शब्द वहीत चालणार नाहीत, असं पहिल्याच पानावर लिहिलंय.

२४ ऑगस्ट, रविवार

वहीत पहिली नोंद आलीसुद्धा. क्रमांक ३, पोलीस भरतीवाल्या मुलाच्या अक्षरात: "चार्जरचा दिवा आहे. पंखा आहे. कॅप्स लॉक लागतो. स्क्रीन करडी उजळते पण चित्र नाही, म्हणून टॉर्चची गरज पडली नाही. ताईंच्या टीव्हीला लावला तर चित्र आलं. झाकण मागे ढकललं की क्षणभर चित्र येतं."

दिवा ठीक, बोर्ड ठीक, बिजागरीजवळची केबल. त्याखाली लिहिलं: "झाकण आहे तिथेच राहू दे, हलवू नकोस. बॅटरी संपू दे. पार्ट नंबर बघून केबल आणतो, गणपतीनंतरच्या रविवारी तू आणि मी मिळून बसवू."